दहा हजार एकशे दहा

पहाटे साडेचारला नकाशावरचा समुद्र रिकामा होता.
निळा, गुळगुळीत, एकही ठिपका नाही.
आणि खिडकीतून तर दिसत होते
धक्क्यापलीकडे धुक्यात लुकलुकणारे
हानुसच्या बोटीचे दोन दिवे,
एक हिरवा, एक तांबडा.

यंत्रातही बंदरं असतात, आकड्यांची.
आमचं दहा हजार एकशे दहा.
तिथे माझा प्रोग्रॅम कान लावून बसतो.
फेरोच्या या शेवटच्या बेटाभोवती फिरणाऱ्या बोटी
दर काही सेकंदांनी सांगतात,
मी इथे, इतक्या वेगाने, अमुक दिशेला,
आणि तो एकेक ठिपका मांडत जातो.
आधी बारा ओळींचा होता, आता नऊशे.
सगळ्या माझ्या हातच्या,
दोन हिवाळे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलेल्या.

नोंदींमध्ये रात्री दोनपासून एकच वाक्य:
परवानगी नाकारली.
दहा सेकंद.
परवानगी नाकारली.
मी हक्क तपासले. वाचायचा आहे, लिहायचा आहे,
चालवायचाही आहे. मालक म्हणून माझंच नाव.
कागदपत्रं चोख,
आणि खिडकीमागचा कारकून मान वर करत नाही.

वायरलेसवर हाक दिली, हानुस, कुठे आहेस?
"होतो तिथेच," तो म्हणाला.
"का, तुझ्या पडद्यावर बुडालो की काय?"
मागे बार्दुर हसल्याचं ऐकू आलं.
मला हसू येईना.
त्यांच्या पलीकडे आणखी सहा बोटी होत्या
आणि त्या खिडकीतून दिसत नव्हत्या.

तोर्शहावनला एयनारला झोपेतून उठवलं.
"रविवारचा अपडेट," तो जांभई देत म्हणाला.
"पहारा आधीही होता. नुसता बघायचा, लिहून ठेवायचा, सोडून द्यायचा.
आता अडवतो."
म्हटलं, हे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं.
"मग बंद कर पहारा. एक शब्द टाईप कर, संपलं."

शब्द टाईप केला.
बोट एन्टरवर होतं.

मासळीच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी कुणी शिरलं होतं,
कुठल्या देशातून ते अजून कळलेलं नाही.
अकरा दिवस पडदे काळे. शीतगृहाची दारं उघडेनात.
मारिता फाटकाशी उभी राहून
पेन्सिलीने पेट्या मोजायची, हातमोजे घालूनच,
आणि आतला कॉड सडत होता.
तो वास गावातून जूनमध्ये गेला.

शब्द खोडला.

पहाऱ्याचं टिपण मग नीट वाचलं, चष्मा पुसून.
तो हक्क बघतच नव्हता. चिठ्ठी बघत होता.
प्रत्येक फाईलच्या पाठीवर एक चिठ्ठी असते,
ती कुठली, हे सांगणारी.
मी माझी फाईल घरच्या फोल्डरमधून उचलून
बंदराच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. नक्कल नाही, तीच.
जागा बदलली, चिठ्ठी तीच राहिली:
ही घरातली.
घरातलीने बंदरावर कान लावायचं काय काम?

बरोबरच होतं त्याचं.
मला राग आला, तो वेगळ्याच गोष्टीचा.

एका ओळीचा हुकूम आहे त्याला.
जिथे ठेवलीस तिथली चिठ्ठी लाव, एवढाच.
पाच वाजून अकरा मिनिटांनी पहिला ठिपका आला, हानुस.
मग दोन एकदम.
मग बराच वेळ काहीच नाही,
कॉफीवर साय धरली,
आणि सगळ्यात शेवटी, उत्तरेला, वाऱ्याच्या तोंडावर,
हळू सरकणारी ती म्हातारी निळी बोट.
सात.

सहाला दार ढकलून हानुस आत आला,
दाढीत मीठ, हातात ओला दोर.
"सांडोयवाली, कॉफी आहे का?"

बावीस वर्षं झाली मला या बेटावर येऊन.

आहे, म्हटलं.
दार ओढून घे, वारा येतो.